जाळी येऊ द्यायची नाही

चित्त्यांचे फोटो काढायचो म्हटलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "कधी चावला का हो?" नाही चावला. मुंगळे मात्र चावले, आणि कुठं कुठं चावले ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. चित्त्याचा फोटो उभं राहून काढला तर तो वरून बघितलेल्या वासरासारखा दिसतो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला जायचं तर पोटावर झोपावं लागतं. एकवीस वर्षं मी पोटावर झोपून पगार घेतला, असं आमच्या घरात म्हणतात. म्हणणाऱ्या बाईंचं नाव लिहीत नाही, सकाळचा चहा बंद होईल.

मी मूळचा पूर्णेचा. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत लग्नाचे फोटो काढायला शिकलो आणि पुढं दक्षिणेतल्या एका प्राणिसंग्रहालयात छायाचित्रकार म्हणून चिकटलो. कोणतं ते सांगत नाही. सांगितलं की आमचे पाहुणे पास मागतात. काम म्हणाल तर नोंदीचं. प्रत्येक जनावराची डावी बाजू, उजवी बाजू, शेपटी, एखादी जखम असली तर ती, जांभई देताना सापडलं तर दात. शिवाय एक वही. किती हिंडलं, किती झोपलं, कशाला बिचकलं. नवरदेवाचे फोटो काढण्यापेक्षा हे सोपं. जनावर निदान 'माझं पोट जरा कमी दाखवा' म्हणत नाही.

आता चित्ता म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण आपल्याकडं अंगावर ठिपके दिसले की सगळं एकाच नावानं चालतं. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची फुलं असतात, मध्ये पोकळ. चित्त्याचे ठिपके भरीव, बोटानं शाई लावल्यासारखे. त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, काजळ ओघळल्यागत. त्याला डरकाळी फोडता येत नाही. खूश असला की मांजरासारखा घुरघुरतो, आणि पिल्लाला हाक मारायची झाली की चिमणीसारखा चिवचिवतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी झाडावर पक्षी शोधत होतो. पंज्याची नखं पुरती आत जात नाहीत, म्हणून मातीत ठसा उमटला की कुत्र्यासारखी नखंही उमटतात. आणि ठिपक्यांची ठेवण प्रत्येकाची वेगळी, आपल्या अंगठ्यासारखी.

आमच्याकडं जी मादी होती तिला सगळे बेगम म्हणायचे. हे नाव तिच्या रखवालदारानं ठेवलेलं. कासीमचाचा. उंच, वाकलेला, पानाचा शौकीन माणूस. बेगम दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयातून लहानपणीच आली होती आणि चाचानं तिला वाढवलं होतं. मोठी झाल्यावर आत जायला बंदी. मग चाचा जाळीच्या बाहेर बसायचा आणि ती आतून जाळीला गाल घासायची. बेगमची माझ्या वहीतली ओळख अशी: डाव्या खांद्यावर तीन मोठे ठिपके, त्रिकोणात, शेपटीचं शेवटून दुसरं कडं अर्धवट.

आणि आता माझं कसब. पिंजऱ्यातल्या जनावराचा फोटो कुणीही काढतो, पण त्यात जाळी येते. ती येऊ द्यायची नाही, ही माझी कमाई. करायचं काय, तर मोठी लेन्स जाळीला अगदी टेकवायची, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचं, जाळीवर ऊन पडत असेल तर काळ्या फडक्याची सावली धरायची, आणि जनावर जाळीपासून लांब जाईपर्यंत वाट बघायची. मग जाळी विरघळते. राहिलं फक्त जनावर आणि मागचं गवत. त्या गवताला मी मुद्दाम पाणी घालायला लावायचो. हत्तीगवत होतं, डोक्याएवढं वाढायचं, त्यातून बेगम चालत आली की खुद्द आमचे साहेब विचारायचे, "हा आफ्रिकेतला का हो?"

माझा त्यावर एवढा जीव की ज्या फोटोत जाळीचा एक धागा दिसला, तो फोटो त्याच दिवशी रद्द. रोलच्या काळात निगेटिव्ह कात्रीनं कापून कचऱ्यात, पुढं कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यातच पुसून टाकायचो. एकवीस वर्षांत एकही जाळीवाला फोटो मी जपला नाही. हे तेव्हा मी मोठ्या अभिमानानं सांगत असे.

चाचा वर्षातून एकदा, ईदेच्या आसपास, नवा सदरा घालून यायचा आणि म्हणायचा, "मियाँ, हमारा और बेगम का एक फोटू निकालो ना."

मी म्हणायचो, "चाचा, तुम्ही बाहेर, ती आत. ती तुमच्याजवळ आली की जाळीला चिकटते. जाळी येणार."

"आने दो ना."

"नाही चाचा, खराब दिसतो. बघू एखाद्या दिवशी, काहीतरी युक्ती करू."

युक्ती काही मी केली नाही. खरं सांगायचं तर करायची नव्हतीच. माझ्या हातून जाळीचा फोटो निघाला असता तर मलाच लाज वाटली असती. चाचा पान लावायचा, मलाही एक द्यायचा आणि विषय पुढच्या ईदेवर जायचा.

मोकळा चित्ता मी एकदाच पाहिला. हौशी फोटोवाल्यांचा एक गट आफ्रिकेला निघाला होता. त्यांना शिकवायला म्हणून मला बारा दिवस नेलं. लोकांना वाटतं तिथं रोज चित्ते धावत असतात. कसलं काय. चार दिवस एक मादी काटेरी झुडपाखाली झोपली होती आणि आम्ही आठ माणसं उघड्या जीपमध्ये तिच्या झोपेची राखण करत होतो. पाचव्या दिवशी ती उठली, अंग ताणलं, लांबवर हरणं पाहिली आणि सुटली. मी बोट दाबायच्या आत हरीण खाली होतं. त्यानंतर ती एवढी दमली की समोर अन्न असून खाता येईना, नुसत्या बरगड्या हलत होत्या. तेवढ्यात दोन तरस आले आणि हरीण ओढून घेऊन गेले. तिनं एकदा दात दाखवले, मग बाजूला होऊन बसली. एका पायाला लागलं तर उपाशी मरायची पाळी, म्हणून चित्ता भांडत नाही.

परत आल्यावर तिचा तरसांना दात दाखवतानाचा फोटो साहेबांना दाखवला. ते म्हणाले, "छान. ही आपली बेगमच ना?" मग चाचाला दाखवला. "खाना छीन लिए इसका? हमारी बेगम का छीन के बताओ कोई," म्हणाला आणि तडक जाऊन तिच्या पाण्याचं भांडं घासू लागला.

बेगम उन्हाळ्यात गेली. मूत्रपिंडं खराब झाली होती. कोंडलेल्या चित्त्यांचं हे नेहमीचं दुखणं. आठवडाभर ती जाळीपाशी पडून होती आणि चाचा जाळीच्या या बाजूला. मी त्या आठवड्यात फोटो काढले नाहीत. तिचं हाड न् हाड दिसत होतं आणि शिवाय ती जाळीला चिकटून होती. चाचा निवृत्त झाला तेव्हा मी त्याला बेगमचा माझा सगळ्यात नावाजलेला फोटो मोठा करून, चौकट घालून दिला. उंच गवतातून येणारी बेगम. चाचा म्हणाला, "अच्छा है मियाँ. लेकिन ये हमारी नहीं लगती. जंगल की लगती." मी ती शाबासकी समजलो. इतका मी शहाणा.

निवृत्तीनंतर पूर्णेला परत आलो. मध्य प्रदेशात आफ्रिकेतले चित्ते आणून सोडले, तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच. मला राहवलं नाही. माझी थोरली बहीण, अक्का, ताडकळसजवळच्या एका गावात दिलेली. त्या गावच्या व्हॉट्सॲप गटात मला भाचेमंडळींनी घातलेलं होतं. तिथं मी बेगमचा तो गवतातला फोटो टाकला. खाली लिहिलं, 'मी काढलेला चित्ता'. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी खूश.

त्यानंतरच्या एका फेब्रुवारीत, सकाळी, अक्काचा फोन. "मुंजा, आरं तुझा चित्ता आमच्या गावात आलाय म्हणायलेत."

"माझा?"

"किसनरावाच्या उसात हाय म्हणं. लोकं फड पेटवायलेत. तुला त्यातलं कळतंय तर ये की लवकर."

मी फोन ठेवून गट उघडला. वरच बेगम! माझे शब्द कुणीतरी काढून टाकले होते आणि लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'सावधान! मध्य प्रदेशातून पळालेला चित्ता आपल्या शिवारात.' मागं हत्तीगवत आहे की ऊस, हे ओळखायला शेतकरी डोळ्याजवळ फोन धरून बघतो का? मला आधी हसू आलं. मग अक्काचं 'पेटवायलेत' आठवलं आणि मी गाडीला किक मारली.

किसनराव म्हणजे त्या फडाचे मालक, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. बहिणीचं गाव म्हणून मी तिथं सगळ्यांचा मामा. बांधावर तीस-चाळीस माणसं होती. ऊसतोड्यांची टोळी कोयते खाली टाकून बसलेली. फडाच्या एका कोपऱ्याला पाचटाचा ढीग लावलेला आणि किसनरावांच्या हातात काडेपेटी.

"मामा, बरं झालं आलाव," किसनराव म्हणाले. "टोळी आत जायला तयार न्हाई. कारखान्याची गाडी उभी हाय. वनखात्याला फोन केला, त्यांचा माणूस लांब हाय, दुपारनंतर यायलाय. आता चहूकडून पेटवतो. जनावर निघंल न्हाई तर जळंल. पाचट जळून ऊस तोडायला मोकळा हुतो, आमी दरवर्षी जाळतोच की."

"पाहिलं कुणी?"

टोळीतली एक बाई उठली. सुमन तिचं नाव. मागं बाभळीला साडीची झोळी बांधलेली, त्यात तिचं तान्हं. "मी बघितलं," ती म्हणाली. "पाय उंच, भुरकट अंग, शेपटीला काळी कडी. आत दोन पिल्लं हायती. परवा आमच्या पाचटाच्या कोपीतल्या दोन कोंबड्या गेल्या. आन् आज फोटो आला, तर ह्येच की ते!"

उंच पाय, भुरका रंग, शेपटीला कडी. मला तिथंच उमगलं. उसाच्या फडात व्यायची सवय असलेलं एकच जनावर असं दिसतं, आणि ते म्हणजे रानमांजर. घरच्या बोक्याहून थोडं मोठं. मी पाटाच्या ओल्या मातीत वाकून बघितलं. ठसा सापडला, माझ्या दोन बोटांत मावेल एवढा आणि नखांचं नाव नाही. मी सगळ्यांना बोलावून दाखवला. चित्त्याचा ठसा तळहाताएवढा असतो, त्यात नखं उमटतात, हे सांगितलं.

"ते पिल्लाचं आसंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"अहो, हा फोटो मीच काढलाय! ही प्राणिसंग्रहालयातली मादी आहे. मरून किती वर्षं झाली तिला."

किसनरावांनी फोन माझ्यासमोर धरला. "मग पिंजरा कुठाय मामा?"

"दिसत नाही. तीच तर माझी खुबी."

"गज न्हाई, जाळी न्हाई. मोकळ्या उसात चालायलंय जनावर."

"ऊस नाही, हत्तीगवत आहे ते."

"ह्या जनावराचा जाळीतला एखादा फोटो दावा की मग. एकवीस वरसं काढले म्हणता."

मी फोन उघडला. चारशेच्या वर बेगम होत्या माझ्याकडं. बसलेली, चालणारी, जांभई देणारी. मी बोटानं एकेक सरकवत शेवटापर्यंत गेलो. एका फोटोत जाळी असेल तर शपथ! माणसं माझ्या खांद्यावरून बघत होती आणि प्रत्येक फोटोगणिक त्यांची खात्री पटत चालली होती की मी आयुष्यभर मोकळ्या रानात हिंडलो आणि आता काहीतरी लपवतोय.

"एकबी न्हाई?" सुमन म्हणाली. आवाजात राग नव्हता, भीती होती. "भाऊ, तुमी सांगून घरी जाताल. माझं लेकरू दिसभर त्या झोळीत आस्तंय. मी कोयता चालवू का तिकडं बघू?"

तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. आत दोन आंधळी पिल्लं, बाहेर तिचं पोर, आणि मधे माझा फोटो. मी स्वतःला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की त्या इथं छापता येणार नाहीत.

मग मला कासीमचाचा आठवला. निवृत्तीनंतर एकदाही मी त्याला फोन केला नव्हता. किसनरावांना म्हणालो, "दहा मिनिटं थांबा. बहिणीच्या गावात मामाचा एवढा मान ठेवा." त्यांनी काडेपेटी खिशात घातली, पण ढिगापासून हलले नाहीत.

चाचानं दुसऱ्याच घंटीला उचलला. "कौन, मुंजाजी मियाँ? जिंदा हैं?"

मी हालहवाल न विचारता सगळं भडाभडा सांगितलं. बेगमचा जाळीतला फोटो कुठं आहे का, कसाही चालेल, आत्ताच्या आत्ता.

मग चाचा म्हणाला, "एक है. तुम नहीं निकाले ना, तो एक बार पानी के टँकरवाले लड़के को बोला मैं. उसके मोबाइल से. पोती भेजती अब्बी."

नातीनं तो फोटो पाठवला. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर त्याच्याइतका वाईट फोटो मी जन्मात पाहिला नाही. तिरका, वर कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा, जाळीवर ऊन चमकतंय, एक चौकोन न् चौकोन मोजून घ्या. बाहेर नव्या सदऱ्यातला चाचा, कपाळ जाळीला टेकवलेलं. आतून बेगम, डोळे मिटून, गाल त्याच्या कपाळाशी घासतेय. मागं तेच हत्तीगवत. आणि खाली एका बाजूला पालथे पडलेले दोन पाय, जुन्या चपला घातलेले. ते माझे. मी डोळा कॅमेऱ्याला लावून, लेन्स जाळीला टेकवून बेगम लांब जायची वाट बघत होतो. माझ्या शेजारी काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता.

मी दोन्ही फोन सुमनच्या हातात दिले. एकात माझी बेगम, दुसऱ्यात चाचाची. म्हटलं, "ठिपके बघ बाई. तूच सांग."

तिनं बराच वेळ बघितलं. एकदा ह्यात, एकदा त्यात. मग बोट ठेवलं. "खांद्यावर हे तीन बघा. चुलीच्या दगडावानी मांडलेत. हितंबी तसेच." मी एवढी वर्षं वहीत त्रिकोण लिहीत आलो, चूल मला दिसली नव्हती. तिनं फोन किसनरावांपुढं केला. "मालक, ह्ये एकच जनावर हाय. जाळीतलं हाय. आन् ह्या बाबाला तर गाल घासायलंय."

किसनरावांनी फोटो मोठा केला, लहान केला, आणि विचारलं, "मामा, ह्ये पाय कुणाचे?"

"माझे."

"तुमी झोपलात का काय तिथं?"

बांधावर पहिल्यांदा हशा पिकला. काडेपेटी परत घरच्या चुलीकडं गेली. टोळीनं रस्त्याच्या बाजूनं तोड सुरू केली, मुद्दाम आवाज करत, आणि पाटाकडचा कोपरा शेवटी ठेवला. तासाभरात भुरकी रानमांजर बाहेर आली. तोंडात एक पिल्लू, मानेला धरलेलं. तिनं चाळीस माणसांकडं एकदा बघितलं, बांध ओलांडला आणि पलीकडच्या शेवरीच्या झाडीत गेली. थोड्या वेळानं परत आली आणि दुसरं नेलं.

"आगं बया," सुमन म्हणाली, "येवढुसं? मांजरच की गं!" आणि तिनं जाऊन झोळीतलं पोर उचलून छातीशी धरलं.

किसनराव माझ्याकडं बघेनात. "याच्यासाठी फड जाळायलो होतो मी," एवढंच म्हणाले. वनखात्याचा माणूस दुपारी आला तोवर तोड निम्मी झाली होती. मी त्या गटात लिहिलं की फोटो माझा, मादी पिंजऱ्यातली, चूक माझी. त्याला अंगठे कमी आले.

संध्याकाळी अक्काच्या ओट्यावर बसून चाचाला पुन्हा फोन लावला. मांजरीचं सांगितलं, सुमनचं सांगितलं. तो हसला. मग मी म्हणालो, "चाचा, पुढच्या आठवड्यात येतो. ईद जवळ आहे. तुमचा फोटो काढतो, चांगला."

"अब किसके साथ निकालते मियाँ?" चाचा म्हणाला.

तिकडून पानाचा डबा बंद केल्याचा आवाज आला. मग त्यानं विचारलं, "वो जो पोती भेजी ना, उसमें जाली आई क्या?"

"आली चाचा. लय स्पष्ट आली."

"हौ, आनाच था. हम दोनों के बीच में वोइच तो थी."

तो फोटो मी परभणीत मोठा करून घेतला. दुकानदार म्हणाला, कोपऱ्यातला अंगठा काढून देतो, वाटलं तर जाळीही पुसून देतो. मी म्हटलं, हात लावू नको. आता आमच्या बैठकीत तोच एक फोटो आहे. येणारे जाणारे विचारतात, हा तुम्ही काढला का? नाही म्हणतो. खाली एका बाजूला दोन पाय दिसतात, तेवढे माझे.